अंगठ्याआड

तिला हळूबाई हे नाव कोणी ठेवलं, यावरून वाद आहे. अभयारण्याच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणतो, मी ठेवलं. तिची मुलगी म्हणते, त्याच्या आधीपासून आईला मी चिडवत होते, कारण ती सारखी म्हणायची, वेणी घालताना हळू, जेवताना हळू, जिना उतरताना हळू. ठेवलं कोणीही असो, ते असं चिकटलं की ऑफिसच्या बैठकीतही तिला सगळे हळूबाईच म्हणायचे. तिला त्याचा राग कधी आला नाही. उलट मनातून बरंच वाटायचं, कारण त्या एका शब्दावर तिचं सगळं पोट आणि सगळी प्रतिष्ठा उभी होती.

तिचं काम असं की डोंगर चढायला आलेल्या लोकांना पायथ्यापासून वरच्या खिंडीपर्यंत न्यायचं, परत आणायचं, आणि मधे जी काही जनावरं दिसतील ती लांबून दाखवायची. लांबून हा शब्द ती असा उच्चारायची की ऐकणारा आपोआप दोन पावलं मागे सरायचा. निघण्याआधी फाटकाशी सगळ्यांना ओळीत उभं करून ती शाळा घ्यायची. "हात ताठ पुढे करा. एक डोळा मिटा. अंगठा उभा धरा. जनावर त्या अंगठ्याआड आख्खं झाकलं गेलं पाहिजे. शेपूट जरी बाहेर डोकावली तरी तुम्ही फार जवळ आहात. मग काय करायचं? मागे सरायचं. त्याने नाही, आपण."

यावर प्रत्येक तुकडीत कोणीतरी एक जण ठरलेला विनोद करायचाच. एवढं तिकीट काढून आलो आणि बाईंनी फाटकातच अंगठा दाखवला. हा विनोद तिने इतक्या वेळा ऐकला होता की करणाऱ्याच्या चेहऱ्यावर तो येताना तिला दिसायचा. तरी ती दर वेळी हसायची. लोकांना हसतं ठेवलं की ते ऐकतात, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

चढताना ती पुढे असायची. जनावर दिसलं की बोट दाखवायची नाही, वळायचीसुद्धा नाही. फक्त उजवा हात कमरेपाशी पालथा करायची आणि खालच्या पट्टीत, लांबवून म्हणायची, "हळूऽऽ." तेवढ्यावर सगळी रांग जिथल्या तिथे वाटेवरच बसायची. वाट सोडून गवतात बसायचं नाही. तोंडात काही टाकायचं नाही. एकदा एका भल्या गृहस्थाने बिस्किटाचा पुडा फोडला तर तिने तो काही न बोलता त्याच्या हातातून घेतला, आपल्या पिशवीत टाकला आणि संध्याकाळी फाटकाशी परत दिला. गृहस्थ दिवसभर तिच्या पिशवीकडे बघत चालला. बायकोने त्याला घरी गेल्यावर किती छळलं असेल देव जाणे.

ती डोंगराला काही नवखी नव्हती. तिचे वडील गवंडी. खिंडीकडे जाणाऱ्या वाटेच्या दगडी पायऱ्या त्यांनी बसवल्या, आणि त्यांच्या हाताखाली दगड वाहायला ही. पुढे अभयारण्य झालं, वाटाडे हवेत अशी पाटी लागली, तेव्हा ती गेली आणि म्हणाली, पायऱ्या मीच आणून दिल्यात, चुकायची नाही. लग्नही वाटेनेच जुळवलं म्हणायचं. पिशवीचा पट्टा तुटला म्हणून ती खालच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेली. शिंप्याने तो इतका घट्ट शिवला की परत तुटेचना, आणि मग तिला दुसरी काहीबाही कारणं काढून तिकडे जावं लागलं. तो शिंपी म्हणजे तिचा नवरा. पुढे दुकान, खिडकीजवळ मशीन, मागे स्वयंपाकघर आणि वर जाणारा अरुंद जिना, असं त्यांचं घर.

आता रानबकऱ्यांचं सांगायला हवं, कारण हळूबाईच्या आयुष्यात जे बिघडलं ते त्यांच्यापाशीच.

खिंडीच्या अलीकडे उताराचा एक मोठा पट्टा आहे. तिथे एक कळप चरायचा. सुरुवातीला तो इतका लांब असायचा की अंगठ्याआड तीन-चार बकऱ्या सहज मावत. कळप माणसाचा वास आला की कड्यावर पसार. पण हळूबाई रोज यायची, रोज त्याच वळणावर थांबायची, त्याच आवाजात तोच एक शब्द म्हणायची, आणि त्यानंतर कधीच काही वाईट व्हायचं नाही. बकऱ्यांनाही डोकं असतं. त्यांनी हे जोडून टाकलं. हळूहळू त्या पळेनाशा झाल्या, मग मान वर करेनाशा झाल्या, आणि काही वर्षांनी तर तो शब्द कानावर पडला की खाली बसून रवंथ करायला लागल्या. एका म्हातारीचं एक शिंग कधीतरी कड्यावर मोडलं होतं. ती तर वाटेला खेटून बसायची, पिल्लांच्या घोळक्यात. जनावरांना नावं ठेवायची नाहीत असा हळूबाईचाच नियम, त्यामुळे तिने ठेवलं नाही. ड्रायव्हरने ठेवलं. तुटकी. "वहिनी, तुमच्या जाऊबाई बघा," तो म्हणायचा, "शिंग मोडून वासरांत शिरल्यात."

नियम काय होता? अंगठ्याबाहेर दिसली की आपण मागे सरायचं. तुटकी आता अंगठ्याबाहेर नाही, हाताबाहेर गेली होती. चार पायांची, दाढीची, डोळ्यांतल्या आडव्या बाहुल्या दिसतील इतकी जवळ. आणि हळूबाई मागे सरली नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. आपण गेलो का जवळ? नाही. आपण आपल्या वाटेवर बसलोय. त्या आल्या. त्याला आपण काय करणार?

लोक वेडे व्हायचे. बायका डोळे पुसायच्या. एका माणसाने आयुष्यात काहीतरी बघितलं म्हणून तिचे हात हातात घेतले. अभयारण्याच्या माहितीपत्रकावर फोटो छापला गेला, पुढे हळूबाई बसलेली आणि मागे कळप. नवऱ्याने तो चौकट करून मशीनच्या वर लावला. अशा कौतुकानंतर मागे कोण सरतं? सरणारे असतील कोणी, पण ते आपल्या ओळखीचे नाहीत.

एकीने मात्र टोकलं होतं. अभयारण्याच्या नव्या अधिकारी मॅडम, वयाने तिच्या मुलीएवढ्या. एकदा तुकडीबरोबर वर आल्या, सगळं बघितलं, आणि उतरताना म्हणाल्या, "हळूबाई, छान आहे हो. पण माणूस म्हणजे काही नाही, असं त्यांना वाटायला लागलंय. ते बरं नाही."

"मॅडम, मी एक पाऊल वाट सोडत नाही."

"तुम्ही नाही सोडत. पण त्यांना तुमच्यात आणि दुसऱ्यात फरक कसा कळायचा? अंगठ्याबाहेर आली की मागे सरायचं हे तुम्हीच शिकवता ना?"

हळूबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काल आलेली पोर आपल्याला आपलाच अंगठा शिकवते. घरी येऊन तिने नवऱ्यापुढे बरीच आदळआपट केली. नवरा सुईत दोरा ओवत होता, तो फक्त हं म्हणाला. तेव्हा मॅडमचं ऐकलं असतं तर पुढचं काही सांगायलाच उरलं नसतं. ऐकलं नाही, हे तिला पुढे रोज आठवलं.

गणिताचे एक मास्तर होते. तिच्याबरोबर दोन-तीनदा डोंगरावर येऊन गेलेले. सज्जन माणूस, एकदम गुणी विद्यार्थी. अंगठा धरायचे, कागदाचा कपटा खाली पडू द्यायचे नाहीत. त्या वसंतात ते बायकोला घेऊन आले, पण तुकडीबरोबर नाही, दोघंच चढले. वाट माहीत होती, नियम पाठ होते, मग वाटाड्या कशाला? वळणावर कळप बसलेला. तुटकीला त्या साली, उतारवयात, एक पिल्लू झालं होतं, ते जरा पलीकडे कड्याच्या काठावर बागडत होतं. मास्तरांनी हात पालथा केला, खालच्या पट्टीत, लांबवून म्हटलं, "हळूऽऽ." कळप शांत. मग ते एक एक पाऊल टाकत, तोच शब्द म्हणत, कळपात जाऊन बसले. बसले ते नेमके तुटकी आणि पिल्लाच्या मधे. पिल्लाने आईकडे यायला बघितलं तर मधे माणूस. ते बिचकलं, काठाकडे वळलं, आणि तिथली खडी सुटी होती.

मास्तर खाली आले ते थेट शिंप्याच्या दुकानात. बसा म्हटलं तर बसेनात. "बाई, माझ्या हातून पिल्लू गेलं," म्हणाले, आणि सगळं सांगितलं. मग चौकटीतल्या फोटोकडे बघत म्हणाले, "मी अगदी तुमच्यासारखंच केलं हो. तुम्ही म्हणता तसंच म्हटलं."

हळूबाईला त्यांना दोष द्यायचा होता. वाट का सोडलीत, असं विचारायचं होतं. पण तिला पाणी द्यायचं तेवढं सुचलं, ते तिने दिलं. मास्तर पाणी न पिताच गेले.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली तेव्हा तुटकी काठावर उभी होती. खाली घळीकडे तोंड करून मधूनच बें करत होती. हळूबाई वळणावर बसली. रोजचा शब्द तोंडात आला आणि तिने तो गिळला. पुढे ती एवढंच म्हणाली की तुटकीने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि माझ्यावर काडीचा संशय घेतला नाही, तेच मला सहन झालं नाही.

वरच्या ऑफिसातून हुकूम यायला वेळ लागला नाही. माणसाला न घाबरणारा कळप वाटेशेजारी ठेवता येणार नाही. आज पिल्लू गेलं, उद्या एखादी बकरी कोणाच्या पोराला शिंगावर घेईल. धिटावलेल्या बकऱ्या जाळी लावून पकडायच्या आणि शहराजवळच्या कुंपणात नेऊन ठेवायच्या. मॅडमनी भांडून हिवाळ्यापर्यंतची सवड मागून घेतली. तोवर कळप माणसाला घाबरायला शिकला तर तो डोंगरावर राहील. नाही शिकला तर जाळी लागेल.

रक्षकांनी फटाके वाजवून बघितले. बकऱ्या टेकाडामागे जायच्या आणि दुपारी परत वाटेवर हजर. मॅडमनी हळूबाईला ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं.

"फटाका त्यांना वीज कडाडल्यासारखा वाटतो. माणसाशी त्याचा संबंध त्या लावतच नाहीत. माणूस म्हणून त्या ओळखतात ते तुम्हाला. घाबरवायचं तर ते तुमच्याकडूनच यायला हवं."

"म्हणजे?"

"तो शब्द म्हणायचा. त्या बसल्या की आवाज करायचा, दगड मारायचे. अंगावर नाही, बाजूला. पुन्हा पुन्हा. त्या शब्दाची भीती बसेपर्यंत."

हळूबाई म्हणाली, "दुसऱ्या कोणाकडून करून घ्या." मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाचं त्या ऐकत असत्या तर मी तुम्हाला बोलावलंच नसतं." बोलताना त्यांचा आवाज मऊ होता. जरा कडक असता तर हळूबाईला भांडता आलं असतं.

तिने घरातली झाकणं घेतली, भाताच्या पातेल्याचं आणि दुधाच्या पातेल्याचं. पहिल्या दिवशी वळणावर बसली, शब्द म्हटला, कळप बसला. तुटकी नेहमीच्या जागी आली, पाय दुमडले, रवंथ करायला लागली. हळूबाईच्या मांडीवर झाकणं तशीच राहिली. ती तशीच उठून खाली आली.

"जमलं?" नवऱ्याने विचारलं.

"उद्या."

तो मशीनवरून उठला नाही. म्हणाला, "चुकीची शिवण उसवावीच लागते. भोकं राहतात थोडे दिवस."

"मला तुमचं कापड नका सांगू," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. नवऱ्याने मशीन जरा जोरात चालवलं, तिचं रडणं रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने ते केलं. "हळूऽऽ," म्हणाली, कळप बसला, आणि तिने उभी राहून झाकणावर झाकण आपटलं. डोंगर दणाणला. पिल्लं उधळली, मोठ्या बकऱ्या उधळल्या. तुटकी उठली, पण पळाली नाही. इकडेतिकडे बघितलं, आवाज कुठून येतोय ते तिला कळेना. आणि मग ती हळूबाईकडेच आली. जिथे इतकी वर्षं काही वाईट झालं नव्हतं, त्या जागेकडे. अगदी जवळ येऊन उभी राहिली, अंग थरथरत होतं.

हळूबाई ओरडली. तिच्या तोंडून तसा आवाज आयुष्यात कधी निघाला नव्हता. वाटेवरचा दगड उचलला आणि फेकला. बाजूलाच फेकायचा होता. डोळ्यांत पाणी होतं म्हणून असेल, तो तुटकीच्या मागच्या पायाला लागला. तुटकी एकदा तिच्याकडे बघून लंगडत चढ चढून गेली. तो दगड वडिलांनी पायरीला बसवलेला, सुटा झालेला होता. हळूबाईने तो परत जागेवर बसवला, दुसरं काय करायचं ते सुचलं नाही म्हणून.

मग उन्हाळाभर हेच. तिने काम कधी अर्धवट सोडलं नव्हतं, हेही सोडलं नाही. शब्द, झाकणं, दगड. सुरुवातीला कळप जरा लांब जायचा, मग आणखी लांब, मग टेकाडापलीकडे. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा झाकणं वाजवायची गरज उरली नव्हती. नुसता शब्द पुरत होता. तुटकीचा पाय बरा झाला, हे तिने दुर्बिणीतून बघितलं. हिवाळ्याच्या तोंडावर मॅडम वर येऊन बघून गेल्या आणि जाळी रद्द झाल्याचं पत्र आलं. सगळे म्हणाले, हळूबाईंनी कळप वाचवला. ड्रायव्हरसुद्धा जाऊबाईंचा विनोद न करता म्हणाला. तिने मान हलवली आणि चहाही न घेता घरी गेली.

घरी मात्र दोन गोष्टी बदलल्या होत्या. भाताच्या पातेल्याचं झाकण पोचे पडून वाकडं झालं होतं, ते नीट बसायचं नाही, वाफ बाजूने निघून जायची. नवऱ्याने नवीन आणू का विचारलं तर तिने नको म्हटलं. आणि एकदा तो जिन्यावरून कापडाचं भलं मोठं गाठोडं घेऊन उतरत होता, तेव्हा ती खालून म्हणाली, "जपून." तो मधल्या पायरीवर थांबला. इतकी वर्षं त्या जिन्यावर एकच शब्द ऐकायची त्याला सवय. मग जपून उतरला.

वाट बर्फाने बंद व्हायच्या आधीची शेवटची तुकडी, आणि तिचीही निवृत्तीआधीची शेवटची. त्यात एक आजोबा होते, त्यांची सून आणि आणखी काही जण. फाटकाशी तिने अंगठा शिकवला. विनोदही झाला, कोणीतरी केलाच. ती हसली. वळणावर तिने हात पालथा केला, शब्द म्हटला नाही, आता हातावरच काम चालवायची. सगळे बसले. समोरच्या उतारावर, दरीपलीकडे, कळप चरत होता. तिने हात ताठ केला, एक डोळा मिटला, अंगठा उभा धरला. सगळा कळप त्याआड गेला. तुटकीही गेली, शिंगासकट. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नियम पुरा पाळला गेला होता. तिचा ऊर भरून आला आणि दुखलाही, दोन्ही एकदमच.

"आणखी जरा जवळ नाही जाता येणार?" आजोबांच्या सुनेने विचारलं.

"नाही. हे बरोबर आहे," हळूबाई म्हणाली. "इथूनच बघायचं."

आजोबांना नीट दिसेना. ते दुर्बीण सावरत उठले आणि त्यांचा पाय खडीवर सरकला.

"आजोबा, हळू!"

तोंडून निघून गेलं. आजोबांना बाजूच्याने धरलं, ते सावरले, त्यांना काही झालं नाही. पण वारा दरीपलीकडे वाहत होता. तिकडे एका बकरीने मान वर केली, मोडक्या शिंगाची. मग सगळा कळप वळला, चढ चढला आणि कड्यापलीकडे दिसेनासा झाला.

"अरेरे, कोणी घाबरवलं त्यांना?" सून म्हणाली.

"मी," हळूबाई म्हणाली.

लोक उठून पुढे निघाले. ती जागेवरच होती. हात अजून ताठ होता, एक डोळा मिटलेला. मग तिने अंगठा खाली घेतला, आणि मागे नुसताच डोंगर होता.